एक्कावन्न टक्के

१० जून
फेरपरीक्षेचा निकाल. गणितात ३६. सुटले. अकरावी संपली एकदाची.
वर्गशिक्षक निकालपत्र द्यायला पुढे झाले आणि हात परत मागे घेतला. म्हणाले, शर्वरी, अजून वेळ गेली नाही, गणित सोड आणि एस.पी. घे. एस.पी. म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, पाठ केलं की पास. वर्गात जवळजवळ सगळ्यांचं तेच. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, तुझ्या भल्याचं सांगतोय. माझ्या भल्याचं सांगणारे फार झालेत.
आई म्हणाली देवापुढे साखर ठेव. छत्तीसला साखर. नाही ठेवली.

१३ जून
सांताक्रूझची आत्या आलेली. बाबांना सांगत होती, शरूला दहावीला एक्कावन्न, आता अकरावीत आपटली, कशाला त्या गणिताच्या मागे लावता, पार्लरचा कोर्स करू दे. मी ओट्याशी चहा गाळत होते. नाहूरचं आमचं घर केवढं, आत काय आणि बाहेर काय. मला ऐकू येतं हे तिला माहीत असतं.
बाबा एवढंच म्हणाले, "ऱ्हवांदे गे, शिकता हा तर शिकांदे."
डोक्यात तेच तेच फिरतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. आठवी पूर्ण आणि नववी अर्धी घरात गेली. शाळा बंद, सगळं मोबाइलवर. बाबा लिफ्ट दुरुस्तीवाले, त्यांना सुट्टी नव्हती, त्यांचा फोन त्यांच्यासोबत. राहिला आईचा. तो दादाला. कारण त्याची बारावी. पुढच्या वर्षी परत दादाला, कारण त्याचं कॉलेजचं पहिलं वर्ष. मला काय, आठवीच तर होती. त्याचं झालं की संध्याकाळी मैत्रिणींकडून वहीचे फोटो मागवायचे आणि उतरवायचे. उतरवायचे फक्त. परत शाळेत जाऊन बसले तर फळ्यावर सगळं पुढचं चाललेलं, मला मागचंच माहीत नाही. विचारलं की गणिताचे सर म्हणायचे, हे आठवीत झालंय.
आणि दादाची बारावीची परीक्षा झालीच नाही त्या वर्षी. मागचे मार्क बघून पुढचे दिले. ९१. अख्ख्या बिल्डिंगला पेढे.
मी तिन्ही तास बसून सगळे पेपर लिहिले. ५१.

१८ जून
बारावी सुरू. टेकडीवरचं आमचं कॉलेज तसंच, पंखा तसाच बंद. ऑनलाइन अ‍ॅडमिशनच्या शेवटच्या फेरीत जे उरतं ते हे कॉलेज. आम्ही सगळे उरलेले.
नवीन कदम मॅडम आल्यात, इकॉनॉमिक्सला. तास घेतील तेवढ्याचे पैसे मिळणाऱ्या. फटकळ आहेत. पण शिकवायला लागल्या की पोरं मोबाइल खाली ठेवतात.

२४ जून
तास संपल्यावर कदम मॅडमना विचारलं, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचं तर गणित लागतं का. म्हणाल्या लागत नाही, पण आलं नाही तर दुसऱ्या वर्षी रडशील. मग खडू दिला आणि एक साधं समीकरण सोडवायला सांगितलं. कंस होता. मी तिथेच अडकले. दुसरं दिलं, अपूर्णांकाचं. तेही नाही. मला वाटलं आता हसतील. हसल्या नाहीत.
"तू बारावीत नाहीयेस," म्हणाल्या, "आठवीत आहेस. आठवीचं पुस्तक घेऊन ये."
कोणी पहिल्यांदा खरं बोललं. राग पण आला.

२७ जून
मुलुंड स्टेशनजवळ जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आठवी आणि नववीची गणितं घेतली. दुकानदार म्हणाला, लहान भावासाठी का? मी हो म्हटलं. घरी येऊन दोन्हीला पेपरची कव्हरं घातली. वर लिहिलं, वाणिज्य.

९ जुलै
घरी अभ्यास होत नाही. दादा अंधेरीला कॉलसेंटरला आहे, रात्रपाळी. दिवसभर झोपलेला. पडदे बंद, दिवा बंद, कुकरची शिट्टी बंद. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, कॉलेज सोडलं त्याने, नोकरी मिळत होती म्हणून. आई सगळ्यांना सांगते, घरासाठी सोडलं.
आठवीत असताना त्याचं लेक्चर म्हणून आवाज करायचा नाही. आता त्याची झोप म्हणून.
आई कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात मागे डोळे तपासायची खोली आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मालक म्हणाले बस. तिथे उंच खुर्चीवर बसून, अक्षरांच्या पाटीच्या उजेडात गणितं करते.

१६ जुलै
कंसाबाहेर वजा असला की आतली सगळी चिन्हं बदलतात. सगळी. मी इतकी वर्षं फक्त पहिलं बदलत होते.
म्हणजे दहावीत माझी रीत बरोबर होती. किती गणितं असतील अशी. उत्तराखाली लाल फुली, आणि कोणी बघितलं नाही का चुकलं ते.
आई आत आली डबा घेऊन तर मी रडत होते. तिला वाटलं डोळ्यांचं काही असेल. खरंच नंबर तपासला माझा.

१४ ऑगस्ट
चाचणी. गणित २५ पैकी ११. वर्गशिक्षक म्हणाले, बघ, सांगत होतो. मी कदम मॅडमना पेपर दाखवला. त्यांनी नीट वाचला. म्हणाल्या, जे सोडवलंयस ते सगळं बरोबर आहे, उरलेल्याला हातच लावलेला नाहीस. मग ११ हे ११ नाहीत.
सरांच्या रजिस्टरला ते ११च आहेत पण.

२० ऑगस्ट
मॅडमना 'ते कॉलेज' सांगितलं. आमच्या घरात घाटकोपरच्या त्या कॉलेजला नाव नाही, नुसतं 'ते कॉलेज'. दादा अकरावीपासून तिथेच होता. तिथलं अर्थशास्त्र चांगलं म्हणतात.
मॅडमनी खडू डबीत ठेवला. मग म्हणाल्या, तिथे आधी त्यांच्याच ज्युनियर कॉलेजची मुलं घेतात, इन-हाऊस. उरलेल्या जागा बाहेरच्यांना. तुला त्यांच्या मुलांपेक्षा खूप जास्त लागतील. म्हटलं किती. म्हणाल्या, मिळतील तेवढे सगळे.

५ सप्टेंबर
गणपतीला गावी येत नाही म्हणून सांगितलं. सहामाही आहे. बाबा कधी चिडत नाहीत, आज चिडले. "गणपतीक येणार नाय? असा आपल्या घरात कधी झाला नाय." आई म्हणाली पुस्तकं घेऊन चल. गावच्या घरात वीस माणसं, कुठे बसू. दादाला सुट्टी नाही म्हणून तो राहणारच होता. त्याला कोणी काही बोललं नाही. त्याची नोकरी.

९ सप्टेंबर
आईबाबा गावी. मी आणि दादा. दुपारी तो उठला, चहा केला, मलाही दिला. माझं पुस्तक उघडं होतं. कव्हर सुटलेलं. त्याने बघितलं, आठवीचं.
म्हणाला, हे कशाला. मी म्हटलं, तेव्हा झालं नाही म्हणून. का झालं नाही ते तुला माहीतेय.
मग मीच विचारलं, एक्क्याण्णवचं काय केलंस रे तू?
"तुला खरं सांगू," तो म्हणाला. "सुरुवातीला बघितली लेक्चर. नंतर म्यूट करून गेम खेळायचो."
"दिवसभर?"
"दिवसभर."
मी दारात उभी राहून विचारायचे ना, झालं का तुझं. तेव्हा तो न बघता बोट वर करायचा, थांब म्हणून. मी विचारलं, तेव्हा पण गेमच होता?
तो कपाकडे बघत बसला.
मग स्वतःहूनच सांगितलं. वरच्या वर्गात काहीच कळेना. वर्गातली पोरं मार्कांवरून चिडवायची, ए एक्क्याण्णव. एसवायला तीन विषय राहिले, केटी लागली. मग घरून निघायचा आणि बागेत जाऊन बसायचा. नोकरी नंतर मिळाली, कॉलेज आधीच सुटलं होतं. आईबाबांना अजून माहीत नाही.
मला इतके दिवस वाटायचं, निदान त्याचं तरी भलं झालं असेल त्या फोनने. कोणाचंच नाही झालं.
संध्याकाळी दोघांचा भात लावला. वाढला. बोलले नाही.

१२ सप्टेंबर
अजून त्याच्याशी बोलत नाही. पण आज उठले तर म्हणाला दिवा लाव, मला झोप लागते उजेडात.
खोटं आहे. तोंडावर टॉवेल घेऊन पडतो.
लावला दिवा. का नको लावू.

१९ नोव्हेंबर
कदम मॅडम गेल्या. त्यांच्या जागी कायमच्या कोणी आल्या, कालपासून मॅडमचं नाव टाइमटेबलवर नाही. सेंड-ऑफ वगैरे काही नाही, आम्हाला शिपायाने सांगितलं. फोन केला. म्हणाल्या, मला सवय आहे, तू दहावीचं पुस्तक संपव.
नवीन बाई पुस्तक वाचून दाखवतात.

३ जानेवारी
पूर्वपरीक्षा. गणित ८० पैकी ६१. वर्गशिक्षकांनी विचारलं, शेजारी कोण बसलं होतं. सगळ्या वर्गासमोर. माझ्या शेजारी निकिता बसते, तिचं एस.पी. आहे, ती त्या दिवशी आलीच नव्हती. मी ते सांगितलं. ते म्हणाले बरं बरं.
माफी वगैरे नाही. पुढचा रोल नंबर.

२७ फेब्रुवारी
आज गणित झालं. एक प्रश्न सोडून सगळा लिहिला. बाहेर आले तर दादा गेटवर उभा. रात्रपाळी करून, न झोपता. डोळे लाल. म्हटलं तू कशाला. म्हणाला असाच. दोघांनी उसाचा रस घेतला. पेपर कसा गेला विचारलं नाही त्याने, ते बरं केलं.

६ मे
काल निकाल. ८३.५०. गणितात ८८.
आईने दुकानात सगळ्यांना सांगितलं. बाबांनी निकाल लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले असताना फोनवर ऐकला, नीट ऐकू गेलं नाही, तीनदा सांगायला लावला. मग नुसतं "बरां झाला गो" म्हणाले आणि फोन ठेवला. घरी येताना श्रीखंड.
आत्याचा फोन. म्हणे शरू पहिल्यापासूनच हुशार, जरा लक्ष नव्हतं एवढंच.
मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, सकाळी. पण दिवसभर लोक बोलत राहिले आणि तो उतरत गेला.

११ मे
शाळेतून फोन, माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आहे, या. जायचं नव्हतं. आईने साडी काढून ठेवलेली, म्हणून गेले. तेच गणिताचे सर. माईकवर म्हणाले, ही मुलगी आमच्याकडे घडली. नारळ दिला. नारळ घेताना मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना माझं काहीच आठवत नव्हतं. हाताला येईल त्याला नारळ देत होते.
निदान माझ्यावर राग होता म्हणून फुल्या मारल्या असत्या तर. तेही नाही.

२७ मे
'त्या कॉलेज'ची पहिली यादी. अर्थशास्त्र, बाहेरच्यांसाठी ८८ला बंद.
जिन्यात खालच्या मजल्यावरची श्रेया भेटली. आम्ही एका शाळेत, एका वर्गात. तिला दहावीला ९० होते, म्हणून ती अकरावीलाच तिथे. बारावीला ६४. तिला अर्थशास्त्र मिळालं. म्हणाली, अगं आम्हाला यादी वगैरे नसते, फॉर्म भरला की झालं. मला पत्रकारिता हवी होती, नाही मिळाली, म्हणून हे घेतलं.
मुद्दाम नाही म्हणाली. ती वाईट नाही. मी अभिनंदन म्हटलं आणि वर आले.
वर्षभर मी काय पुसत होते मग? ८३ मिळवले तरी दार एक्कावन्नचंच.

३१ मे
दुसरी यादी. ८५. मुलुंडच्या दुसऱ्या एका कॉलेजात नाव लागलंय, तिथे अर्थशास्त्र तिसऱ्या वर्षाला नसतं, मुलं कमी म्हणून बंद केलं. कॉमर्स घे म्हणाले. बाबा म्हणतात ता बरां हा, घराजवळ आसा. त्यांचं काही चूक नाही.

५ जून
तिसरी आणि शेवटची. ८४ ला बंद.
अर्ध्या टक्क्याने.
आईने जेवायला वाढलं. आज ती पण कोणाला फोनवर काही सांगत नव्हती. मुलुंडला परवापर्यंत प्रवेश घ्यायचा आहे.

६ जून
दुपारी दादा घरी नव्हता. झोपायच्या वेळेला कुठे गेला कळेना. चारला आला, शर्ट घामाने ओला. बसला आणि म्हणाला, मी कॉलेजात गेलो होतो.
तिथले अर्थशास्त्राचे विभागप्रमुख त्याला ओळखतात. अकरावीत हा वक्तृत्वात बक्षिसं आणायचा, सरांचा लाडका. सरांनी विचारलं कुठे गायब झालास. याने सगळं सांगितलं म्हणे, कॉलेज का सोडलं ते पण. मग माझं सांगितलं. सर म्हणाले, इन-हाऊसमधल्या एक-दोघांनी प्रवेश रद्द केलाय, अशा जागा कशा भरायच्या ते आमच्या हातात असतं. बहिणीला उद्या अकराला माझ्या केबिनमध्ये पाठव.
आई रडायला लागली आनंदाने. पहिल्यांदाच तिला कळलं होतं दादाने कॉलेज का सोडलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.
मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं जायला?
"कोणी नाही."
"माझ्या पुढे आउटसायडरच्या यादीत आणखी मुलं असतील. त्र्याऐंशी पॉइंट पंचाहत्तरवाली. त्यांच्या भावांची ओळख नसेल."
तो म्हणाला, "असतील." मग म्हणाला, "शरू, मला तुझं काहीतरी परत करायचंय. दुसरं काय आहे माझ्याकडे?"
परत करायचं तर जे घेतलं ते कर ना. ते होत नाही.
कदम मॅडमना फोन लावला. त्या आता कल्याणला शिकवतात. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, कोणाच्या ओळखीने आलीस हे महिन्याभरात सगळे विसरतील, तू नाही विसरणार. आणि नाही गेलीस तर तेही नाही विसरणार. यातलं कुठलं तुला जास्त जड जाईल ते बघ. म्हटलं तुम्ही काय केलं असतं? म्हणाल्या, मी गेले असते. पण मला बघ, मी कुठे आहे.

७ जून
कॉलेजसमोरच्या बसस्टॉपवर बसून लिहितेय. अकराला वेळ आहे. सोबत मुलुंडच्या कॉलेजचे पण कागद घेतलेत, त्यांची आज शेवटची तारीख, एकपर्यंत खिडकी.
गेटवर मुलं येतायत. इन-हाऊसवाली कोणती आणि बाहेरची कोणती ते बघून कळत नाही. एक मुलगी वडिलांबरोबर आलीय, वॉचमनला यादीबद्दल विचारतेय. तो म्हणतोय यादी संपली. ती जात नाहीये. पुन्हा विचारतेय. माझ्याएवढीच असेल. तिचे किती असतील कोण जाणे.
जागा मिळाली तर माझ्या ८३.५०ने मिळाली असं मला कधीच म्हणता येणार नाही. दादाचं नाव लागेल त्याला. आणि इतका राग असून मला ती हवीय. फार हवीय. हेच सगळ्यात वाईट.
दादा पलीकडे पाणी घ्यायला गेलाय. रात्रपाळी करून तसाच आलाय. इस्त्रीचा शर्ट घातलाय, माझ्यापेक्षा तोच घाबरलेला दिसतो.
ती मुलगी अजून तिथेच उभी आहे. वॉचमनने आता खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ केलीय.
दादा रस्ता ओलांडतोय. हात करून विचारतोय, चलायचं?